परसातलं लाकूडकाम: कोकणातल्या एका वर्षाच्या नोंदी

जागा कुडाळ तालुक्यातली. घरामागे पाऊण गुंठा परस, त्याला जांभ्याचा गडगा (दगडी कुंपण). वर वीतभर तांबडी माती आणि खाली कातळ. शाळेतली नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी काम करते. मांगरात (घराजवळच्या छपरात) कामाचा एक बाक आहे. हातकरवत, दोन रंधे, चार पटाश्या, ड्रिल आणि जिगसॉ एवढीच हत्यारं. भाजी सासूबाई बघतात, लाकूड मी. इथल्या पावसात परसात लाकूड वापरायचं ठरवलं तर पैसे आणि दिवस कुठे जातात ते दुसऱ्या कुणाला आधी कळावं, म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवते आहे.

२० ऑक्टोबर २०२४

पाऊस गेला. चार वाफे करायचे ठरवले, प्रत्येक ८ फूट लांब, ३ फूट रुंद, फूटभर उंच. एका वाफ्यात २४ घनफूट माती बसते, चारांत ९६. म्हणजे एक ब्रास (१०० घनफूट) आणली की काम भागतं. तांबडी माती गाडीभाड्यासकट ३,५०० रुपये. शेणखत घरचं.

दोन वाफ्यांसाठी वखारीतून सव्वा इंची आंब्याच्या फळ्या घेतल्या, ३,२०० रुपये. शेजारी एक जुनं कौलारू घर मोडत होते, तिथून माळ्याच्या सागवानी फळ्या आणि चौदा वासे मिळून ५,००० ला घेतले. उरलेले दोन वाफे त्या फळ्यांचे होतील, वासे मांडवाला.

आंब्याच्या फळ्या उतरवताना आई (सासूबाई) म्हणाल्या, "आंब्याचा लाकूड मातयेक लावू नको गो, वाळवी एका पावसात खावन टाकतली." मी म्हटलं, आतून प्लास्टिक लावते, मातीचा स्पर्शच होणार नाही.

२७ ऑक्टोबर

सबंध रविवार खिळे काढण्यात गेला. जुन्या घराचं लाकूड स्वस्त मिळतं ते याचमुळे. दिसणारे खिळे पकडीने निघतात, त्रास देतात ते मोडून आत राहिलेले. पहिल्याच फळीवर रंधा फिरवला आणि चौथ्या हाताला खट् झालं. पात्याला दोन जागी दाते पडले. दगडावर घासून ते पुन्हा धारेला आणायला दीड तास लागला.

मग एक खूण सापडली. सागात लोखंड अडकलेलं असतं तिथे भोवती निळसर काळा डाग पडतो, लाकडाच्या रेषांच्या दिशेने बोट-दीड बोट लांबलेला. फळी ओल्या फडक्याने पुसली की तो उठून दिसतो. शिवाय एका बिघडलेल्या स्पीकरचं चुंबक सुतळीला बांधून फळीवरून सावकाश फिरवलं. खिळा खाली आला की ते ओढ घेतं. अशा रीतीने आणखी सात खिळे निघाले, सगळे वरून न दिसणारे. कुणी जुनं लाकूड घेणार असेल तर रंध्याला हात लावण्याआधी हे दोन्ही करा.

वरचा काजळीचा थर गेल्यावर आत सोनेरी, किंचित तेलकट साग निघाला. जुन्या चामड्यासारखा त्याचा वास मांगरात रात्रीपर्यंत होता. किती वर्षं त्या माळ्यावर भात साठवला असेल कोण जाणे, पण एकही फळी वाकलेली नव्हती.

१० नोव्हेंबर

चारही वाफे उभे राहिले. कोपऱ्यात आतून दोन इंची चौकोनी खुंट, त्यांना फळ्या स्क्रूने आवळल्या. आंब्याच्या वाफ्यांना आतून जाड प्लास्टिक ठोकलं. माती भरली. लाल माठ, मुळा आणि कडवे वाल पेरले, मिरची-वांग्याची रोपं लावली.

१ डिसेंबर

तीन आठवडे पाणी घातल्यावर फळ्या मधोमध बाहेर फुगल्या. पहिल्या वाफ्याला दोरी लावून मोजलं तर मध्यावर दीड इंच बाक. ओल्या मातीचा रेटा आठ फुटी फळीला नुसत्या दोन टोकांवर पेलत नाही, हे मी आधी लक्षात घ्यायला हवं होतं. माती उकरून मध्यावर आरपार एक आडवी पट्टी टाकली आणि तिची टोकं फळ्यांना खाच पाडून अडकवली. फळ्या ओढून जागेवर आणायला नायलॉनची दोरी दोन बाजूंना बांधून मध्ये काठीने पीळ दिला. चार वाफ्यांना दोन दिवस गेले. रिकाम्या वाफ्यात हे काम अर्ध्या तासाचं होतं.

२२ डिसेंबर

दुसऱ्या वाफ्यातला माठ पिवळा पडला. बाकी तिन्हीकडे तरारलेला, इथे बोटभर उंचीवर थांबलेला. कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. माती भुसभुशीत व्हावी म्हणून याच वाफ्यात मी मांगरातला दोन पोती भुसा मिसळला होता. ताजा भुसा मातीत गेला की तो कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र स्वतःसाठी ओढून घेतात आणि रोपांना उरत नाही.

वरची सहा इंच माती काढली, निवडता येईल तेवढा भुसा चाळून बाजूला केला, शेणखत दुप्पट घातलं आणि गोमूत्र पाण्यात मिसळून आठवड्यातून दोनदा दिलं. माठ गेलाच, मिरची मात्र तीन आठवड्यांनी हिरवी झाली.

आता भुसा दोनच ठिकाणी जातो. वाफ्यांमधल्या वाटेवर, किंवा खताच्या खड्ड्यात शेणाच्या थरांमध्ये पातळ पसरून वर्षभर कुजायला. प्लायवूड आणि एमडीएफचा भुसा यातल्या कशातच नको. त्यात डिंकाची रसायनं असतात. तो वेगळ्या पोत्यात ठेवायची सवय लावून घेतली आहे.

२६ जानेवारी २०२५

झेंडावंदन करून आल्यावर बांबू तोडले. माणगा जातीचा, घरच्याच बेटातला. हा बुडाकडे जवळजवळ भरीव असतो, काटे नसतात, म्हणून मांडवाला उत्तम. तीन वर्षांच्या वरचेच घेतले. कोवळ्या बांबूत साखर आणि पिष्ट जास्त, त्याला भुंगा लवकर लागतो. आई अमावास्येआधीच तोडायला सांगतात, ती बुधवारी आहे, त्यामुळे त्यांचंही मन राहिलं. बावीस काठ्या व्हाळात (ओढ्यात) दगडाखाली दाबून ठेवल्या. वाहतं पाणीच हवं. दोन काठ्या मी घराजवळच्या डबक्यात टाकल्या होत्या, त्यांना असा वास सुटला की त्या टाकून द्याव्या लागल्या.

९ मार्च

बांबू महिन्याने काढले, आठवडाभर सावलीत सुकवले आणि बोरिक अ‍ॅसिड-बोरॅक्सच्या पाण्यात बुडवले. शंभर लिटर पाण्याला बोरिक २ किलो, बोरॅक्स ३ किलो. एवढी लांब पिंपं नसतात, म्हणून जमिनीत चर खणून त्यात ताडपत्री अंथरली. साहित्याला ९०० रुपये लागले.

मांडव १२ बाय ८ फुटांचा, सहा खांब, सात फूट उंची. वाश्यांतले चार इंची जाडीचे सहा निवडले. दीड फूट खोल खड्डे पहारीने काढायचे होते. चार जमले, त्यांना दोन दिवस लागले. उरलेल्या दोन ठिकाणी वीतभर खाली एवढा कठीण कातळ लागला की पहार उडायला लागली. हात फुटले, खड्डा होईना.

चार खांबांच्या बुडाला डांबर लावून ते खड्ड्यात उभे केले आणि भोवती सिमेंट-खडी ओतली. मला ते भक्कम वाटलं.

उरलेल्या दोन खांबांसाठी वेगळा मार्ग काढावा लागला. कातळावर सिमेंटमध्ये एक चिरा (जांभ्याचा घडीव दगड) बसवला, त्याला मध्यभागी भोक पाडून १२ मिलिमीटरची सळई रोवली, वर चार बोटं ठेवली. खांबाच्या बुडात गिरमिटाने तेवढंच खोल भोक. सळईवर आधी दोन जाड वायसर घातले आणि मग खांब उतरवला, म्हणजे लाकूड आणि चिरा यांच्यात अर्ध्या इंचाची फट राहते, पाणी थांबत नाही. पहिलं भोक तिरकं गेलं आणि खांब कलला. दुसऱ्या वेळी दोन बाजूंना गुण्या (काटकोन) लावून नवऱ्याला बघत बसवलं, तेव्हा सरळ आलं. असे सळईवरचे खांब हाताने ढकलले तरी डोलतात. त्यांना वरच्या आडव्या वाश्यापासून दोन फुटी तिरके आधार दिले तेव्हा कुठे ते थांबले. तिरक्यांशिवाय हा प्रकार करू नका.

३० मार्च, गुढीपाडवा

खांबांना काजूच्या टरफलांचं तेल लावलं. आमच्याकडे लाकूड वाळवीपासून राखायला ते जुन्या काळापासून लावतात. पाच लिटर, ४०० रुपये. हातमोजे होते, पण डाव्या हाताचा फाटलेला होता आणि मी तसंच काम उरकलं. दुसऱ्या दिवशी मनगटापासून कोपरापर्यंत फोड आले. चार दिवस खडू धरता आला नाही. या तेलात कातडी जाळणारं आम्ल असतं. हाताला आधी खोबरेल चोपडा, धड हातमोजे घाला, लांब दांड्याचा ब्रश घ्या आणि डोळ्यांजवळ हात नेऊ नका.

या तेलाने लाकूड काळंकुट्ट होतं. त्याखाली लाकूड कुठलं आहे ते नंतर ओळखता येत नाही. याची किंमत मला ऑगस्टमध्ये कळली.

२० एप्रिल

गडग्यात पूर्वी बांबूचं बेडं होतं, त्या जागी फणसाच्या फळ्यांचं फाटक केलं. तीन फूट रुंद, सहा इंची सहा फळ्या, एकीला एक घट्ट लावून. नुकता रंधलेला फणस हळदीसारखा पिवळा दिसतो. फळ्यांच्या कडा इतक्या नीट जुळल्या होत्या की उजेडासमोर धरल्यावर फट दिसत नव्हती. अळशीच्या कच्च्या तेलाचे दोन हात दिले. तेलाची फडकी दोरीवर पसरून सुकवली. चुरगळून ठेवली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, एवढं इथे लिहून ठेवते.

२५ मे

मान्सून आज देवगडला पोचला. एरवी आम्ही मृग धरून, जूनच्या पहिल्या आठवड्याच्या हिशेबाने कामं आखतो. गेले पाच दिवस पाऊस कोसळतोच आहे. मांडवावरची बांबूची जाळी अर्धीच झाली होती. उरलेली भिजत बांधली. सुंभही ओलाच आवळावा लागला, इलाज नव्हता. दोन वाफ्यांवरची माती पागोळ्यांनी वाहून गेली. बांबूंना वरून तेल द्यायचं राहून गेलं, ते आता ऑक्टोबरपर्यंत राहिलंच.

२२ जून

पडवळ, दोडकी, काकडी मांडवाच्या बुडाशी रुजली. कडेला हळद आणि अळू.

फाटक अडकलं. आधी खालून घासायला लागलं, गेल्या सोमवारी उघडेचना. फळ्या पावसाळी हवेत रुंदीला फुगतात, लांबीला जवळजवळ नाही. सहा फळ्या, प्रत्येक साधारण एक सूत (इंचाचा आठवा भाग) फुगली, म्हणजे एकूण पाऊण इंच. ज्या घट्ट जोडणीचा मला एवढा आनंद झाला होता, तीच नडली. फाटक उतरवून एका फळीतून इंचाहून थोडं जास्त कापलं आणि बाकीच्या थोड्या थोड्या अंतरावर पुन्हा मारल्या. उन्हाळ्यात करताना दर दोन फळ्यांत दोन सूत फट सोडायची. पावसात केलं तर अर्धा सूत पुरे, कारण उन्हाळ्यात ती आपसूक वाढते. साधे लोखंडी स्क्रू दोन महिन्यांत गंजून फणसावर काळे ओघळ आले होते. सगळे काढून स्टेनलेसचे मारले, ३६ स्क्रूंचे २५० रुपये.

अळशीच्या तेलावर काळी बुरशी धरली आहे. कच्चं तेल म्हणजे बुरशीला खाऊच. साबणाच्या पाण्याने घासून काढली. पाऊस संपला की दुसरं काहीतरी लावीन.

वाफ्यांच्या फळ्यांमागे मोठ्या गोगलगायी दडतात. रात्री टॉर्च घेऊन वेचणं हाच उपाय लागू पडला. एका रात्री ४१ निघाल्या.

२० जुलै

पडवळं लोंबायला लागली. वाकडी होऊ नयेत म्हणून आई प्रत्येकाच्या टोकाला सुतळीने छोटा दगड बांधतात. सकाळी मांडवाखाली उभं राहिलं की तीस-बत्तीस दगड वाऱ्याने सावकाश हलत असतात, आणि पांढऱ्या पट्ट्यांच्या हिरव्या पडवळांवरून पाणी ठिबकत असतं. वर्षभरातलं मला सगळ्यात आवडलेलं दृश्य हेच.

पण ओला वेल, फळं आणि दगड यांच्या वजनाने मधली जाळी चार इंच खाली आली. मध्ये एक टेकू दिला.

बांबूंवर पांढरी बुरशी आली आहे, काही काठ्या नखाने दाबल्या तर मऊ लागतात. मांगराच्या पागोळीआत ठेवलेल्या, त्याच पाण्यातून काढलेल्या चार काठ्या मात्र स्वच्छ आहेत. बोरॅक्स पाण्यात विरघळतं, पावसाने ते धुऊन निघालं. छपराखालच्या बांबूला हा उपाय चांगला, उघड्यावरच्या नाही. म्हणून सागाचा सांगाडा कायमचा धरायचा आणि बांबू दर दोन वर्षांनी बदलायचे, असं ठरवलं. आडव्या वाश्यांवर अर्धगोल खोबणी पाडल्या तर एकेक काठी बाकीच्यांना हात न लावता निघेल. सुंभ बहुतेक ठिकाणी कुजला, नायलॉनची दोरी घातली.

२४ ऑगस्ट

गेल्या मंगळवारी रात्रीच्या पावसात मांडवाचा ईशान्येचा खांब मोडला. जमिनीलगत, सिमेंटच्या वर दोन बोटांवर. मांडव त्या कोपऱ्याकडे झुकला पण तिरक्यांमुळे पडला नाही. गणपती आठवड्यावर. माटवीला (गणपतीच्या वर बांधतात त्या लाकडी चौकटीला) टांगायची पडवळं, काकड्या आणि दोडकी त्याच कोपऱ्यात होती. आई भिजत उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत, नुसता वेल हाताने उचलून धरला होता. शेजारचे दोघे धावत आले, चौघांनी मिळून एक जाड बांबू टेकू म्हणून लावला.

खांबाचं मोडलेलं तोंड बघितलं. बाहेर काळी साल शाबूत, आत मातीने भरलेल्या पोकळ्या आणि त्यांत वाळवी. करवतीने आणखी वर कापलं तेव्हा फिकट पांढरं लाकूड दिसलं. हा वासा सागाचा नव्हताच. काजळी आणि नंतर तेल यांखाली मला ओळखू आला नव्हता. मी त्याला रंधा लावायचा कंटाळा केला होता. बुडाला लावलेलं डांबर जागेवर होतं, पण सिमेंटने भोवती वाटी तयार केली होती आणि तिच्यात पाणी साचून राहिलं होतं. आमचे मेस्त्रीकाका बघायला आले, त्यांनी वाटीत बोट घातलं तर ते पेरभर बुडालं. "पाऊस लाकडाक मारणा नाय," ते म्हणाले, "ह्या साचलेला पाणी मारता."

उरलेले सिमेंटमधले तीन खांबही तपासले. साग असलेल्या दोहोंना काही नाही, तिसऱ्याच्या बाहेरच्या पांढऱ्या थरात (सालीलगतच्या लाकडात) वाळवीच्या नळ्या चढल्या आहेत. कातळाने अडवल्यामुळे चिऱ्यावर उभे केलेले दोन खांब मात्र बुडापर्यंत खडखडीत कोरडे.

दुरुस्ती अशी केली. आडव्या वाश्याखाली मोटारीचा जॅक लावून तो इंचभर उचलला. खांब स्वच्छ लाकूड लागेपर्यंत कापला, जमिनीपासून २० इंच. सिमेंटची वाटी फोडून काढली. तिथे चिऱ्यांचा छोटा खांब रचला, वर सळई आणि वायसर, त्यावर उरलेलं लाकूड. पाच तास लागले, चिरे-सिमेंट ६०० रुपये. वेल एकही तुटला नाही. बुधवारी माटवीला कवंडळं, सुपारीचं शिपटं आणि आंब्याचे टाळे (डहाळ्या) यांच्यामध्ये आमची सात पडवळं लागतील.

२८ सप्टेंबर

झेंडू दसऱ्याला वेळेवर आला. शेवटच्या पडवळांतली बरीच माकडांनी नेली. यावर लाकडाचा काही उपाय नाही, शेजाऱ्यांचा कुत्रा सोडतो तेवढाच.

वाफ्यांच्या फळ्या पेचकसाने टोचून पाहिल्या. सागाच्या वाफ्यांत टोक रुतत नाही, कोपऱ्यातला एक खुंट तेवढा गेला. आंब्याच्या दोन्ही वाफ्यांत खालच्या कडेला पेचकस इंचभर सहज आत जातो. प्लास्टिक सोलून काढलं तर फळी आणि प्लास्टिक यांच्यात पाण्याचा थर होता, फळी काळी आणि चिकट. जे राखायला लावलं त्यानेच ओल कोंडून ठेवली. आईंनी एका पावसाची मुदत दिली होती, ती तंतोतंत खरी ठरली.

१२ ऑक्टोबर २०२५

आंब्याचे दोन्ही वाफे मोडले. त्या जागी चिरे उभे लावले, एका वाफ्याला २०, दोन वाफ्यांना ४०. चिरे १,८००, टेम्पो ७००. लाकडापेक्षा सातशे रुपयांनी स्वस्त, आणि पुन्हा करावं लागणार नाही. गेल्या वर्षी हा विचार मनात आला नव्हता असं नाही, पण मला सगळं लाकडातच करायचं होतं. सागाचे वाफे ठेवले आहेत. त्यांच्या खाली चपटे दगड सरकवून फळी जमिनीपासून बोटभर उचलली.

सिमेंटमधले उरलेले तीन खांबही दिवाळीच्या सुट्टीत कापून चिऱ्यांवर घ्यायचे आहेत, आधी पांढरा थर रंध्याने काढून. आंब्याच्या फळ्यांचे तुकडे पाणी तापवायच्या चुलीला गेले. तेल लावलेलं लाकूड त्यात घालत नाही, म्हणजे राख परसात वापरता येते.

आईंनी बियांसाठी एक पडवळ वेलावरच राखलं होतं, ते पिकून शेंदरी झालं. बिया राखेत घोळून सुपात वाळत घातल्या आहेत. माळ्याच्या फळीचा दोन फुटी तुकडा उरला होता, त्याची त्यांना बियांसाठी डबी करते आहे. सहा कप्पे, सरकतं झाकण. झाकणाच्या खोबणीत दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा सूत मोकळा सोडला आहे.